प्रभाग कार्यालयात विद्यार्थ्यांसाठी एक टेबल

प्रति,
माननीय आयुक्त,
पनवेल महानगरपालिका

महोदय,


खारघरच्या प्रभाग कार्यालयात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी कायमची जागा करून द्यावी, या विनंतीसाठी हे पत्र लिहिते आहे. जागा म्हणजे इमारत नव्हे. एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, नकाशांचे कपाट उघडण्याची परवानगी आणि आठवड्यातला एक तास देणारा एक अभियंता, एवढेच मागणे आहे. मी नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला शिकवते आणि राहते खारघरमध्ये. त्यामुळे वर्गातले प्रकल्प आणि रस्त्यावरचे प्रश्न, दोन्ही रोज डोळ्यांसमोर असतात. त्यांची गाठ का पडत नाही, हे मनाला फार लागते.

बाहेरचे लोक खारघरला सेंट्रल पार्क, गोल्फ कोर्स आणि पांडवकड्यावरून ओळखतात. माझ्या लेखी हे विद्यार्थ्यांचे गाव आहे. सकाळी स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत पाहा, पाठीला सॅक लावलेली मुलेच मुले दिसतील. निफ्टचे मुंबई केंद्र इथे आहे, ए. सी. पाटील आणि सरस्वती ही अभियांत्रिकी महाविद्यालये इथे आहेत, आणि शेजारी बेलापूरला भारती विद्यापीठ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून तळोज्याच्या बाजूनेही ये-जा सोपी झाली. इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांना पदवी हातात पडण्याआधी एखादा तरी प्रकल्प करावाच लागतो. पूर्वी हे अभियांत्रिकी, व्यवस्थापन अशा अभ्यासक्रमांपुरते होते. राज्य शासनाने एप्रिल २०२३ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांची जी रचना ठरवली, तिच्यात ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट हे सगळे आले, आणि कला-वाणिज्यची मुलेही त्यात ओढली गेली. चार श्रेयांकांचे 'ओजेटी' म्हणजे साधारण १२० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवायचे.

हे तास भरायचे कुठे, याचे उत्तर मुलांना कोणी देत नाही. ज्याचे मामा-काका कुठे लागलेले आहेत, त्याला लेटरहेडवर सही-शिक्का मिळतो. ज्याचे कोणी नाही, तो रेडिमेड प्रोजेक्ट विकणाऱ्या दुकानात जातो. पैसे मोजले की विषय, कोड, आकृत्या आणि निष्कर्ष, सगळे तयार मिळते. मग काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरे छापून 'ब्लॅक बुक' बांधली जाते, तोंडी परीक्षा होते आणि ती वही विभागाच्या कपाटात जाते. त्या कपाटासमोर मी अनेकदा उभी राहते. त्यातल्या थोड्या वह्या खऱ्या, मेहनतीने केलेल्या असतात, आणि त्यांचेच जास्त वाईट वाटते. त्या ज्याने वाचायला हव्यात, त्याच्या टेबलावर त्या कधी पोचत नाहीत.

जी मुले खरे काम करायला निघतात, त्यांचा अनुभव असा असतो. महाविद्यालयाचे पत्र घेऊन चौघे-पाच जण एखाद्या सरकारी कार्यालयात जातात. पत्रावर आवक क्रमांकाचा शिक्का बसतो. साहेब साइटवर गेलेले असतात. दुसऱ्या खेपेला साहेब भेटतात, चहा विचारतात, मनापासून कौतुक करतात आणि 'तुम्हाला नेमके काय हवे आहे?' असे विचारतात. मुलांना ते सांगता येत नाही, कारण कार्यालयात काय असते हेच त्यांना माहीत नसते. ती 'माहिती हवी आहे' म्हणतात. ते पत्र तिथून दुसऱ्या टेबलावर जाते आणि तोवर सत्र संपते. यात मी कोणत्याही अधिकाऱ्याला बोल लावत नाही. ज्या कामासाठी कार्यालयात जागा नाही, वेळ नाही, फाइलसुद्धा नाही, ते काम करायचे कोणी?

हे जमवता येते, याचा दाखला शोधायला लांब जायला नको. आपल्या खारघरमध्येच टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक आहे. १९५२ मध्ये परळला सुरू झालेली कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये इथे आली. अणुऊर्जा विभागाच्या छत्राखालची ही संस्था आहे. तिथे वेगवेगळ्या विद्यापीठांची एम.एस्सी.ची मुले आपल्या प्रबंधासाठी प्रयोगशाळेत काम करतात. विद्यार्थी आला की तो एका शास्त्रज्ञाच्या गटात जातो. त्या गटाचा प्रश्न आधीपासून चालू असतो, त्यातला एक छोटा तुकडा त्याच्या वाट्याला येतो. तो वही ठेवतो, गटाच्या बैठकीत आपले आकडे मांडतो, आणि आकडे चुकले तर तिथेच कळते. मुख्य म्हणजे, त्याच्या उत्तराची कोणीतरी वाट पाहत असते. हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, महोदय. प्रकल्प जगतो तो यजमानाला उत्तर हवे असते म्हणून. सही-शिक्का, प्रमाणपत्र, फोटो ही सारी नंतरची बाब.

अभ्यासक्रमांमध्येही ही जाण जुनी आहे. पिलानीच्या बिट्सने १९७३ पासून 'प्रॅक्टिस स्कूल' चालवले. मुले कारखान्यात जातात आणि संस्थेचा प्राध्यापकही त्यांच्याबरोबर तिथे जातो. १९३६ मध्ये सुरू झालेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याचे विद्यार्थी वर्गाच्या जोडीने फील्डवर्कही करत आले. समाजकार्याच्या शिक्षणात विद्यार्थ्याला ज्या संस्थेत पाठवतात, तिथला एक माणूस त्याच्यासाठी नेमलेला असतो. अभियांत्रिकीत आम्ही मुलाच्या हातात पत्र देतो आणि सोडून देतो. ही आमच्या बाजूची उणीव आहे आणि ती भरून काढायची जबाबदारी आमची.

आपल्याच रायगड जिल्ह्यातले एक उदाहरण माझ्या विशेष जवळचे आहे. आयआयटी मुंबईच्या 'सितारा' केंद्राचे विद्यार्थी प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली कर्जत तालुक्यात जात राहिले. नळपाणी योजना कागदावर पूर्ण होऊनही पाणी का पोचत नाही, हे त्यांनी टाकीपासून नळापर्यंत पाइपच्या मागे मागे जाऊन तपासले. कुठे उंचीचा हिशेब चुकला, कुठे शेवटच्या वाडीपर्यंत दाबच उरत नाही, अशा गोष्टी त्यातून पुढे आल्या. या अनुभवावर उभे राहून राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने जानेवारी २०१६ मध्ये 'उन्नत महाराष्ट्र अभियान' सुरू केले. त्यामागची कल्पना साधी आहे. प्रश्न जिल्हा प्रशासनाने द्यायचा, अभ्यास जवळच्या महाविद्यालयाने करायचा आणि अहवाल परत प्रशासनाकडे जायचा. म्हणजे मी काही नवे मागत नाही. केंद्राच्या पातळीवरही ४ जून २०२० ला 'ट्यूलिप' योजना आली, देशातल्या ४,४०० नागरी संस्था आणि स्मार्ट शहरांनी नव्या पदवीधरांना इंटर्न म्हणून घ्यावे म्हणून. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनाही आहे. त्या दोन्ही शिक्षण संपलेल्यांसाठी आहेत. शिकणाऱ्या मुलाचा प्रकल्प ही वेगळी गोष्ट. त्याच्यामागे शिक्षक असतो, परीक्षा असते आणि एक ठरावीक प्रश्न असतो. तो मनुष्यबळ म्हणून येत नाही.

परदेशात ओरेगन विद्यापीठाने २००९ मध्ये ग्रेशम या शहराबरोबर असा प्रयोग केला. वर्षभरासाठी एक शहर निवडायचे, शहराच्या कर्मचाऱ्यांनी आपले प्रश्न मांडायचे आणि वेगवेगळ्या विभागांच्या वर्गांनी ते नेहमीच्या अभ्यासक्रमातच सोडवायचे. पुढे अनेक विद्यापीठांनी हा नमुना उचलला. त्यातली मला भावलेली बाब म्हणजे त्यासाठी नवा अभ्यासक्रम लागला नाही.

आता माझ्या विषयातला एक प्रश्न जरा जवळून दाखवते.

माझ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने पावसाळ्यात डोंगराकडून खाडीकडे जाणाऱ्या एका नाल्यातली पाण्याची पातळी मोजली. नाल्याच्या काँक्रीटच्या भिंतीवर ऑइल पेंटने दर दहा सेंटिमीटरला लाल आणि पांढरा असा पट्टा मारला. जवळच्या सोसायटीच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला. जोराचा पाऊस लागला की दोघे पुलावर छत्री घेऊन उभे राहायचे, दर पंधरा मिनिटांनी पट्टा वाचून वहीत लिहायचे आणि सोबत भरतीच्या वेळा टिपायचे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीला लागून आहे. सिडकोने जागोजागी धारण तलाव बांधले ते त्यासाठीच, भरतीच्या वेळी खाडीत न जाणारे पाणी तलावात थांबवायचे आणि ओहोटीला सोडायचे. मुलांची अपेक्षा होती की पाणी भरतीमुळेच तुंबत असणार. आकडे मांडले तेव्हा काही दिवशी तसे दिसलेही. पण काही दिवशी ओहोटी असूनही पाणी पुलाच्या वरच्या बाजूला चढलेले होते आणि खालच्या बाजूला उतरलेले. एका मुलीने पाऊस थांबल्यावर वाकून पाहिले. पुलाखालून एक पाइप नाल्याला आडवा गेला होता, साधारण अर्ध्या उंचीवर. त्याला फांद्या, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाच्या झावळ्या अडकून जाळी झाली होती. पाणी त्या जाळीला अडत होते.

पुढचा प्रश्न ओघाने आला. या नाल्याचे तोंड किती पाण्यासाठी आखले होते आणि या पाइपमुळे त्यातले किती कमी झाले? त्यासाठी मूळ आखणीचा नकाशा हवा, तळाची पातळी हवी, पाणलोटाचा हिशेब हवा. ते काही मिळाले नाही. मुलांनी ऑटो लेव्हल आणि स्टाफ घेऊन मिळतील तेवढ्या पातळ्या स्वतः काढल्या आणि अंदाजाने गणित मांडले. बाह्य परीक्षकांनी शाबासकी दिली, गुण चांगले पडले. पण त्या पाइपबद्दलची ओळ आज काळ्या वहीच्या मधल्या कुठल्यातरी पानावर आहे. पाइप हलवायचा की नाही, ते ठरवण्याचा अधिकार असलेल्या माणसाने ती वाचलेली नाही.

समजा, हाच गट आपल्या कार्यालयात बसला असता. पहिल्याच आठवड्यात कनिष्ठ अभियंत्याने सांगितले असते की आमच्याकडे तक्रारी या या ठिकाणाहून येतात, तुम्ही हा पूल घ्या. नकाशा समोर असता. पाइप दिसल्या दिवशी त्या अभियंत्याला फोन गेला असता. आणि मुलीला कळले असते की पाइप हलवायला कोणाची परवानगी लागते, खर्चाचा अंदाज कसा काढतात, निविदा का लागते. हे शिक्षण मी वर्गात देऊ शकत नाही. कितीही जीव तोडून शिकवले तरी नाही.

आपल्या महापालिकेला अशा कामाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, असे मला वाटते. महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झाली. त्याआधीचे खारघर सिडकोने आखले आणि बांधले. मग सेवांचे हस्तांतरण टप्प्याटप्प्याने झाले. हस्तांतरित झालेला नकाशा आणि जमिनीवरचे वास्तव एकमेकांशी ताडून पाहणे हे काम कोणत्याही निविदेत बसत नाही आणि रोजच्या तक्रारींत बुडालेल्या अभियंत्याला त्यासाठी वेळ मिळत नाही. विद्यार्थ्यांना मात्र ते अगदी योग्य आहे. एका सेक्टरची पावसाळी गटारे, एक सत्र, पाच मुले. वाणिज्यच्या मुलांना मालमत्ता कराच्या परत आलेल्या नोटिसा का परत आल्या, हे शोधायला द्या. मोठ्या सोसायट्यांतली कंपोस्ट यंत्रे चालू आहेत की झाकून ठेवली आहेत, हे दारोदार जाऊन पाहायला पर्यावरणाची मुले आनंदाने जातील. मराठी आणि पत्रकारितेच्या मुलांना आपल्या कार्यालयातले अर्ज द्या. सामान्य माणसाला न विचारता भरता येतील असे ते लिहून देतील. फणसवाडी, चाफेवाडीसारख्या डोंगरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी कसे पुरते, हा एका वर्षाचा विषय आहे, आणि तो कोणीतरी शांतपणे, तिथल्या बायकांशी बोलून करायला हवा.

ॲप मात्र मागू नका, अशी माझी कळकळीची सूचना आहे. संगणकाच्या मुलांना भेटलेल्या प्रत्येक कार्यालयाला एक ॲप हवे असते. मुले रात्री जागून ते बनवतात, एप्रिलमध्ये सादर करतात आणि जूनमध्ये पास होऊन जातात. सर्व्हरचे पैसे भरायला, पासवर्ड सांभाळायला मागे कोणी नसते. त्यापेक्षा आपल्याकडे आधीच येणाऱ्या तक्रारींची नोंद त्यांना नीट लावू द्या. कुठल्या चौकातून, कुठल्या महिन्यात, कशाची तक्रार पुन्हा पुन्हा येते हे त्यातून दिसेल, आणि मुले गेल्यावरही तो तक्ता उपयोगी पडेल.

माहिती बाहेर जाण्याची काळजी आपल्या अधिकाऱ्यांना वाटेल. तळोजा एमआयडीसीतला रासायनिक कारखाना आपली प्रक्रिया इनप्लांट ट्रेनिंगच्या मुलाला दाखवत नसेल तर ते समजू शकते. त्याचा धंदा त्यावर आहे. पण गटाराचा नकाशा हे कोणाचे गुपित नाही. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये झाला, त्याचे चौथे कलम सार्वजनिक माहिती स्वतःहून खुली करायला सांगते. जी माहिती कोणीही नागरिक दहा रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत मागू शकतो, ती मिळवण्यात विद्यार्थ्याचे अख्खे सत्र जाऊ नये. नागरिकांची नावे, मोबाइल क्रमांक, कराची थकबाकी ही माहिती वेगळी. ती मुलांच्या हाती देऊच नये, नावे काढून मगच तक्ता द्यावा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर तर हे दोन्ही बाजूंनी लेखी असायला हवे.

सुरक्षिततेबाबत मी कठोर आहे. कोणताही विद्यार्थी चेंबरमध्ये उतरणार नाही, झाकण उघडून आत डोकावणार नाही, पावसात नाल्याच्या काठावर एकटा थांबणार नाही. गटारात माणूस उतरवण्याबाबत २०१३ चा कायदा आहे, आणि तरीही माणसे मरतात. आमच्या मुलांना हे धोके कळावेत, पण कागदावरून. शिवाय त्यांचा विमा महाविद्यालयाने उतरवावा, मुलींना कार्यालयात स्वच्छतागृह मिळावे आणि काम संध्याकाळी उशिरापर्यंत लांबू नये. जाण्या-येण्याचा खर्च महापालिकेने दिला तर पेणहून, कर्जतहून रेल्वेने येणाऱ्या मुलालाही हा प्रकल्प घेता येईल. नाहीतर तो पुन्हा फक्त घरची ऐपत असलेल्यांचा राहील. आणि त्यांना झेरॉक्स काढायला, जुन्या नोंदी टंकायला बसवू नये. रिक्त पदांची उणीव विद्यार्थ्यांकडून भरून काढण्याची सवय लागली की हा सगळा खटाटोप वाया गेला म्हणून समजा.

आणि आता सर्वांत अवघड मुद्दा. अहवाल गैरसोयीचा निघू शकतो. मुले लिहितील की अमुक ठिकाणचे काम नकाशाप्रमाणे झालेले नाही. त्या वेळी आपले कार्यालय काय करील, यावर सारे अवलंबून आहे. पुण्याचे उदाहरण सांगते. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून तिथल्या शिक्षिका कचरावेचक महिलांपर्यंत पोचल्या. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने त्या महिलांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुणे महापालिकेने या महिलांची ओळखपत्रे मान्य केली. पुढे या महिला शहराचा कचरा वाहून नेण्याचा किती खर्च वाचवतात, याचा अभ्यास झाला. ज्यांच्याकडे कोणी पाहतही नव्हते, त्याच बायका महापालिकेचे पैसे वाचवत आहेत, असे तो अभ्यास सांगत होता. महापालिकेने तो ऐकून घेतला आणि त्यानंतर या महिलांना आरोग्यविमा मिळाला. ते विद्यार्थ्यांच्या परीक्षेचे काम नव्हते, पण विद्यापीठाने अभ्यास केला आणि महापालिकेने तो मनावर घेतला, म्हणून काही घडले.

म्हणून माझी आग्रहाची मागणी आहे की प्रत्येक अहवालाला कार्यालयाने एका पानाचे लेखी उत्तर द्यावे. यातले काय मान्य आहे, काय नाही, का नाही, आणि पुढे काय करणार. निष्कर्ष बदलण्याची अट घालू नये. अहवाल आणि उत्तर दोन्ही महापालिकेच्या संकेतस्थळावर ठेवावीत, म्हणजे पुढच्या वर्षीचा गट तिथून पुढे सुरुवात करील आणि त्याच नाल्यावर पुन्हा पहिल्यापासून पट्टे मारत बसणार नाही. एकविसाव्या वर्षी आपल्या कामाला महापालिकेचे उत्तर आलेले पाहणे काय असते, याची कल्पना करा. ते 'अमान्य' असे असले तरीही. त्या मुलाला मग कोणी सांगायला नको की हे शहर त्याचेही आहे.

वेळापत्रकाबद्दल एवढेच सांगते की आमचे सातवे सत्र जुलैच्या आसपास सुरू होते आणि प्रकल्प एप्रिलपर्यंत चालतो. पावसाचे मोजमाप करायचे तर जूनच्या आधी सारे ठरलेले हवे. म्हणून मे महिन्यात प्रभाग कार्यालयाने आपल्याला पडलेले पाच-सहा प्रश्न एका कागदावर लिहून आसपासच्या महाविद्यालयांना पाठवावेत. प्रत्येक प्रश्नासमोर कार्यालयातल्या एका माणसाचे नाव असावे, ज्याला त्याचे उत्तर हवे आहे. ज्या प्रश्नासमोर नाव लिहायला कोणी तयार नसेल, तो प्रश्न त्या वर्षी काढून टाकावा. पहिल्या वर्षी दोनच गट घ्या, एक पावसाळी गटारांवर आणि एक आपल्याला योग्य वाटेल त्या विषयावर. विषय ठरवण्यासाठी बैठक बोलावलीत तर मी आणि माझे सहकारी येऊ. येताना आमच्या कपाटातल्या काही वह्या घेऊन येऊ. त्या पाइपची वही त्यात असेल.

आपली नम्र,
स्थापत्य अभियांत्रिकीची एक शिक्षिका, खारघर